६४ सेंटिमीटरच्या बाहेर

मराठी घरात लग्न ठरलं की आहेराच्या साड्यांची यादी निघते. दुकान दादरचं असो, जळगावचं असो की सोलापूरचं, त्या यादीतल्या बऱ्याचशा साड्या सुरतेहूनच आलेल्या असतात. घेणारी बाई काठ बघते, पोत चुरून बघते, भाव करते. साडीवरचं फूल कोणी काढलं, हे कोणी विचारत नाही. विचारायचं कारणही नसतं. ते फूल बहुधा रिंग रोडवरच्या एखाद्या मार्केटच्या वरच्या मजल्यावर, नाहीतर पांडेसऱ्यातल्या एखाद्या मिलच्या ऑफिसात, संगणकासमोर बसलेल्या पंचवीस-तिशीतल्या पोराने काढलेलं असतं. त्याच्याकडे कलेची पदवी असतेच असं नाही. तो एखाद्या जुन्या डिझायनरच्या हाताखाली बसला, आधी रंग वेगळे करायला शिकला, मग जोड लपवायला शिकला, मग स्वतःचं काढू लागला.

इथे आपण पदवीनंतर आणखी दोन वर्षं कला किंवा डिझाइन शिकणाऱ्यांकडे वळणार आहोत. सुरतेत या शिक्षणाला पहिल्याच दिवशी उलटतपासणी द्यावी लागते. ज्या शहरात पदवीशिवाय डिझाइनवर घर चालतं, तिथे पदव्युत्तर पदवी घेऊन काय करणार? बाप विचारतो, मार्केटातला शेठ विचारतो, आणि खरं सांगायचं तर प्रश्न रास्त आहे. उत्तराची सुरुवात कापड छापण्याच्या यंत्रापासून केलेली बरी.

रोटरी छपाईत निकेलचा एक पातळ, पोकळ सिलिंडर असतो. त्याच्या अंगावर बारीक छिद्रं असतात, आणि जिथे नक्षी तिथेच ती उघडी ठेवलेली असतात. आतून रंग ढकलला जातो, खालून कापड सरकत जातं. एका रंगाला एक सिलिंडर. सहा रंगांची साडी म्हटली की एकापुढे एक सहा. या सिलिंडरचा प्रचलित घेर असतो ६४ सेंटिमीटर. म्हणजे दर ६४ सेंटिमीटरवर तेच फूल पुन्हा येणार. फूल लहान हवं असेल तर ते ३२ मध्ये बसवा, १६ मध्ये बसवा. पण हिशेब ६४ ला पुरा भागला पाहिजे, नाहीतर जोडावर फुलाचा गळा कापला जातो. जोड दिसू न देणं हे सुरतेच्या डिझायनरचं पहिलं कसब. वेल अशी वळवायची, मोकळी जागा अशी भरायची की घेणारीची नजर कुठेही अडता कामा नये.

एकदा नक्षी बसली की तिची ‘मॅचिंग’ निघतात: तीच साडी गुलाबीत, मोरपंखीत, मोतियात. मग त्यांचा सेट, सेटचं कॅटलॉग, कॅटलॉगची गाठोडी, आणि गाठोड्यांचा ट्रक. या सगळ्यात फुलाचा आकार ठरवला कोणी? झाडाने नाही आणि साडी नेसणारीनेही नाही. तो ठरवला निकेलच्या सिलिंडरने. यात तक्रारीचं काही नाही. प्रत्येक कलेला कुठल्या ना कुठल्या यंत्राचा घेर असतोच. भित्तिचित्राला भिंतीचा असतो, ओवीला जात्याचा.

मग डिजिटल छपाई आली. प्रिंटरला सिलिंडर नसतो. फाइल जेवढी लांब तेवढं कापड छापता येतं. साडेपाच मीटरच्या साडीत एकही फूल दुसऱ्यांदा आलं नाही तरी यंत्राचं काही बिघडत नाही. डिझायनरला एवढी मोकळीक याआधी कुठल्याही छपाईने दिली नव्हती. आणि तरीही डिजिटल छापलेल्या साड्यांचा गठ्ठा उलगडून बघा: रंग वाढले, छटा सुटल्या, पण फूल पुष्कळदा पूर्वीच्याच हिशेबाने पुन्हा पुन्हा येतं. घेर गेला आणि सवय राहिली. यात त्या संगणकापुढच्या पोराचा दोष नाही. सकाळी व्हॉट्सॲपवर नमुना येतो, संध्याकाळी फाइल मिलला गेली पाहिजे. साडीत पुनरावृत्ती नसेल तर तिथे काय असावं, याचा विचार करायला त्याला कोणी पगार देत नाही.

पदव्युत्तर शिक्षणाची जागा मला इथे दिसते. असा एखादा प्रश्न घ्यायचा आणि त्याच्यामागे सहा महिने लागायचं, याला तिथे काम म्हणतात. साडीचा कुठला भाग कमरेला खोचला जातो, निऱ्यांत किती नक्षी गडप होते, पदर समोरून किती दिसतो आणि पाठीमागून किती, स्कूटरवर बसणारी बाई तो कसा घेते आणि शेतात निंदणारी कसा खोचते, हे सगळं आधी पाहायचं, मोजायचं, काढायचं. मग दहा नमुने छापायचे, त्यातले आठ टाकून द्यायचे, आणि का टाकले ते लिहायचं. शेवटचं काम सगळ्यांत जड जातं. हात चांगला असलेली मुलं या लिहिण्यापाशी येऊन अडतात, कारण ‘का’ ते सांगायची सवय त्यांना आजवर कोणी लावलेलीच नसते.

हा विचार सुरतेला परका आहे असं मात्र नाही. कलाशिक्षणाच्या भारतातल्या इतिहासात सुरतेची दोन माणसं महत्त्वाच्या जागी उभी आहेत. फक्त त्यांचं काम उभं राहिलं बडोद्यात, गायकवाडांच्या राज्यात.

पहिले त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. जन्म सुरत, १८६३. रसायनशास्त्राचे प्राध्यापक. १८९६ मध्ये चाफेकर बंधूंनी मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं, तेव्हा तो डाग काढून देणारा रसायनतज्ज्ञ म्हणून मराठी वाचकाला त्यांचं नाव कुठेतरी भेटलेलं असेल. आपल्याकडे त्या घटनेतली दुसरी बाजू जास्त सांगितली जाते, आणि ते साहजिक आहे. पण गज्जरांचं मोठं काम त्याआधीचं. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन सुरू झालं ते त्यांच्या कल्पनेतून. रंगाई, विणकाम, सुतारकी, चित्रकला, यंत्रविद्या ही सगळी एका छपराखाली, आणि शिकवायचं ते लोकांच्या भाषेत. त्यासाठी पारिभाषिक शब्द घडवायचे, पुस्तकं लिहवून घ्यायची, हा उद्योगही त्यांनी अंगावर घेतला. रंगारी आणि रसायनाचा पदवीधर एकाच टेबलाशी बसले पाहिजेत, एवढाच त्यामागचा हट्ट. जर्मन कृत्रिम रंग बाजारात येऊन देशी रंगाऱ्यांचं गणित उलटंपालटं होत होतं, तेव्हाची ही गोष्ट आहे.

या कलाभवनात त्र्यंबकेश्वरचा एक मुलगा शिकत होता. त्याने १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकलेचे धडे घेतले, मग थोरल्या भावाबरोबर बडोद्याला येऊन तैलरंग आणि जलरंगांत हात घातला. त्याचं मन मात्र छायाचित्रणाकडे ओढ घेत होतं. गज्जरांनी ते ओळखलं, कलाभवनाचा स्टुडिओ त्याला वापरू दिला, आणि तीन रंगांचे ब्लॉक आणि फोटोलिथोग्राफी शिकायला रतलामला बाबूलाल वरुवाळकरांकडे पाठवलं. मुलाचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला तेव्हा त्याच्यामागे चित्रकला, साचेकाम, रसायन आणि छपाई अशी चार शास्त्रं उभी होती. आज आपण ज्याला आंतरशाखीय पदव्युत्तर अभ्यास म्हणतो, त्यात दोन वर्षांत जे व्हावं अशी अपेक्षा असते ते इथे घडलेलं दिसतं: एका विषयात हात बसलेला विद्यार्थी, दुसऱ्या विषयाची ओढ, आणि ‘जा, तिकडे जाऊन शीक’ म्हणणारा शिक्षक. नियमावलीत न बसणाऱ्या विद्यार्थ्याला रतलामचं तिकीट काढून देणारे विभागप्रमुख आजच्या विद्यापीठांत किती असतील, हा वेगळा विषय.

दुसऱ्या हंसा मेहता. जन्म सुरत, १८९७. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ जाऊन ‘सर्व मानव’ आले त्यात त्यांचा वाटा होता, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. १९४९ मध्ये बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं तेव्हा कुलगुरूपदी त्याच होत्या, आणि १९५० मध्ये तिथे ललितकलांची स्वतंत्र विद्याशाखा उघडली ती त्यांच्या कारकिर्दीत. तोवर आपल्याकडे चित्रकलेचं शिक्षण म्हणजे कलाशाळेची पदविका. चित्रकाराने विद्यापीठात येऊन पदवी आणि त्यापुढे पदव्युत्तर पदवी घ्यावी, शेजारच्या वर्गात कलेचा इतिहास शिकावा, ही घडी बडोद्याने बसवली. चित्रकला विभाग उभा केला तो इंदूरच्या नारायण श्रीधर बेंद्रे यांनी. शिल्पकलेत शंखो चौधुरी होते. के. जी. सुब्रमण्यन आले ते चित्र, खेळणी, विणकाम यांत उच्चनीच न मानणारे. १९५९ ते ६१ मध्ये ते हातमाग मंडळाच्या कामासाठी मुंबईत होते. याच काळात प्रभाकर बरवे जे. जे. मधून बाहेर पडून विणकर सेवा केंद्रात रुजू झाले आणि पुढची दोन दशकं तिथेच नोकरी करत चित्रं काढत राहिले. कापड आणि कॅनव्हास यांच्यातली भिंत तेव्हा आजच्याइतकी जाड नव्हती.

आज पदव्युत्तर अभ्यासाचे दोन मोठे रस्ते आहेत आणि सुरतेतला विद्यार्थी त्यांच्यात हमखास घोळ घालतो. एक एम.एफ.ए. किंवा एम.व्ही.ए., म्हणजे दृश्यकलेतली पदव्युत्तर पदवी. इथे प्रश्न तुमचा स्वतःचा असतो. दोन वर्षं स्टुडिओत काम करायचं, शिक्षकांच्या आणि सहाध्यायांच्या टीकेला तोंड द्यायचं, शेवटी प्रदर्शन मांडायचं आणि एक प्रबंधिका लिहायची. दुसरा एम.डेस., म्हणजे डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी. इथे प्रश्न दुसऱ्या कोणाचा तरी असतो: रुग्णाचा, प्रवाशाचा, वाचकाचा, साडी नेसणारीचा. चित्र उत्तम काढतो म्हणून एम.डेस.ला जाणारा आणि नोकरी लागेल म्हणून एम.एफ.ए.ला जाणारा, दोघेही पहिल्या सत्रातच चेहरा पाडून बसलेले दिसतात.

एम.डेस.चा रस्ता घडवण्यात मराठी माणसांचा हात मोठा आहे. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला एक अहवाल दिला, आणि १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, निघाली. तिचे सुरुवातीचे अभ्यासक्रम पदवीधरांसाठीच होते. बारावीनंतरची मुलं पुढे आली. मुंबईत १९६९ मध्ये आयआयटीच्या आवारात आयडीसी हे डिझाइन शिकवणारं केंद्र उभं राहिलं ते सुधाकर नाडकर्णी यांच्या पुढाकाराने. नाडकर्णी जे. जे. चे, मग जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन शाळेत शिकलेले. उल्मचा दंडक असा की डिझाइन ही सजावट नव्हे, ते विचारपूर्वक सोडवलेलं कोडं आहे. आयडीसीनेही आधी फक्त पदव्युत्तर शिक्षणच दिलं: इंजिनिअर आणि वास्तुविशारद घ्यायचे आणि त्यांना पुन्हा पेन्सिल धरायला लावायची.

याच आयडीसीत र. कृ. जोशी शिकवत. जे. जे. मधून आलेले सुलेखनकार, जाहिरात क्षेत्रात नाव कमावलेले, आणि अक्षरावर जीव असलेले. विंडोजबरोबर घरोघर आलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांच्या हातचा, आणि ‘श्रुती’ हा गुजराती टंकही त्यांच्याच देखरेखीखाली झालेला. सुरतेतल्या मार्केटात वर्षानुवर्षं बिलं, लेबलं, पाट्या ज्या गुजराती अक्षरात छापल्या गेल्या, त्यातला काही भाग एका मराठी शिक्षकाच्या अभ्यासातून आलेला आहे, आणि ते ना बिल करणाऱ्याला ठाऊक ना बिल घेणाऱ्याला. लिपीचा अभ्यास हा पदव्युत्तर डिझाइनचा विषय होऊ शकतो हेच पुष्कळांना पटत नाही. आयडीसीतच पुढे गिरीश दळवींनी देवनागरी टंकांवर डॉक्टरेट केली.

सुरतेकडे परत येऊ. या शहरात अभ्यासाला विषय किती पडून आहेत ते पाहिलं की हेवा वाटतो. येवल्याच्या पैठणीत जी जर असते ती सुरतेची. चांदीची तार छिद्रांच्या पट्टीतून ओढत ओढत केसासारखी करायची, चपटी करायची, रेशमाच्या धाग्यावर गुंडाळायची, वर सोन्याचा मुलामा. खऱ्या जरीपासून प्लास्टिकच्या चमकीपर्यंत तिची किती रूपं झाली, प्रत्येकाची झळाळी कुठल्या उजेडात कशी दिसते, यावर एक आख्खा प्रबंध होईल.

मला स्वतःला सगळ्यांत मोह पडतो तो सादेलीचा. सुरतेचं हे जुनं लाकूडकाम, पारशी घरांतल्या पेट्यांवर आणि चौकटींवर दिसणारं. लांबून पाहिलं की वाटतं, एकेक कण चिमट्याने बसवला असणार. तसं नसतं. चंदन, शिसवी, आबनूस, हाड, कथलाची तार अशा वेगवेगळ्या रंगांच्या बारीक काड्या आधी करतात, कोणी तिकोनी, कोणी चौकटच्या आकाराची. त्या सरसाने एकत्र चिकटवून, घट्ट बांधून, त्यांची एक जाड कांडी बनवतात. कांडी बाजूने पाहिली तर नुसती पट्ट्यापट्ट्यांची. मग अळूवडीचा उंडा कापावा तशी ती आडवी कापायची: प्रत्येक चकतीत तीच चांदणी. या पातळ चकत्या पेटीवर शेजारी शेजारी चिकटवल्या, घासल्या, पॉलिश केल्या की झालं. नक्षी पेटीवर काढलेली नसतेच. ती कांडीच्या पोटात लांबीभर भरलेली असते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अशा पेट्या आहेत. हस्तिदंत बंद झालं, गिऱ्हाईक आटलं, आणि सुरतेत आता हे काम करणारी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

अशा ठिकाणी डिझाइनचे विद्यार्थी येतात, नाही असं नाही. पंधरा दिवस राहतात, सुंदर फोटो काढतात, सुंदर पुस्तिका छापतात आणि शेवटच्या पानावर सादेलीचा मोबाइल स्टँड किंवा चहाच्या कपाखालची चकती सुचवून जातात. कारागिराने असले स्टँड बरेच पाहिलेले असतात. या प्रकाराला ‘क्राफ्ट डॉक्युमेंटेशन’ असं भारदस्त नाव आहे, आणि बऱ्याच संस्थांत त्यावर गुण उदारपणे मिळतात. कांडीच्या आत नक्षी आधी भरायची आणि मग कापायची, ही सादेलीची खरी बुद्धी आहे. तिकोन, चौकोन, षट्कोन यांनी सपाट जागा फट न ठेवता भरता येते, हे गणित त्या कारागिराच्या बोटांत आहे. ते समजून घेऊन फरशीत, कापडात, प्लास्टिकच्या नळीत, कुठेही नवं काही करता येईल. त्याला पंधरा दिवस पुरत नाहीत, आणि म्हणून ते कोणी करत नाही.

आता व्यवहाराचं. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. सुरत-भुसावळ रेल्वेने दोन-तीन पिढ्यांपूर्वी आलेली. महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, घरात अहिराणी आहे, बाप लूमच्या खात्यात नाहीतर मिलमध्ये आहे. या घरातली मुलगी किंवा मुलगा या शिक्षणाकडे वळला तर त्याने काय पाहावं?

सुरतेत वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ आहे, त्यात ललितकलांचा विभाग आहे. फॅशन, टेक्स्टाइल, दागिने, अंतर्गत सजावट यांचे खासगी वर्ग तर गल्लोगल्ली. ‘मास्टर’ हा शब्द जाहिरातीत वापरायला कोणाची परवानगी लागत नाही, म्हणून प्रवेश घेण्याआधी पदवी कुठल्या विद्यापीठाची मिळणार आणि तिला युजीसीची मान्यता आहे का, हे कागदावर पाहावं. पुढे शिकवायचं असेल किंवा नेट द्यायची असेल तर इथेच पाय घसरतो. एनआयडीसुद्धा २०१४ च्या कायद्यापूर्वी पदवी देत नसे, पदविका देत असे. तिचं नाव मोठं म्हणून खपून गेलं, बाकीच्यांचं खपत नाही.

आयआयटींच्या एम.डेस.साठी सीड ही परीक्षा असते. एक भाग संगणकावर, दुसरा कागद-पेन्सिलवर. वयाची अट नाही, कितीदा द्यावी यावर बंधन नाही, आणि परीक्षेला बसताना पदवी कुठल्या शाखेची हे कोणी विचारत नाही, बी.कॉम. झालेली मुलगीसुद्धा बसू शकते; प्रवेशाच्या अटी मात्र संस्थेगणिक पाहाव्यात. जी.डी. आर्ट पदविकाधारकांनाही वर्षभराचा कामाचा अनुभव असेल तर दार उघडं असतं. एनआयडीची परीक्षा वेगळी, तिच्या दुसऱ्या टप्प्यात हाताने करून दाखवावं लागतं. बडोद्याला प्रवेशाच्या वेळी तुमचं काम पाहतात. मुंबईचं जे. जे. २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठ झालं. तिकडचे नियम त्यामुळे बदललेत, जुन्या विद्यार्थ्याच्या माहितीवर विसंबू नये.

सगळीकडे पोर्टफोलिओ लागतो, आणि सुरतेतली मुलं तिथेच स्वतःचं नुकसान करून घेतात. क्लासवाल्यांनी काढायला लावलेली तीच ती स्थिरचित्रं, तोच गणपती, तीच धावणारी घोडी. मुलाखत घेणाऱ्याने सकाळपासून अशी वीस घोडी पाहिलेली असतात. वडिलांच्या खात्यातल्या जकार्डच्या पुठ्ठ्याची छिद्रं आणि त्यातून विणली गेलेली नक्षी शेजारी शेजारी मांडून, कुठल्या छिद्राने कुठला ताणा वर उचलला हे जिने काढून दाखवलं, तिला पुढचे प्रश्न अर्धा तास विचारले जातील. त्या पुठ्ठ्याला इंग्रजीत काय म्हणतात हे तिला येत नसेल तर मराठीत सांगावं, अहिराणीत सांगावं, हाताने करून दाखवावं. पॅनलवर बसलेल्यांना इंग्रजी रोज ऐकायला मिळतं. पुठ्ठा हातात घेऊन समजावणारं माणूस क्वचित भेटतं.